कावळ्यालाही रात्र हवी

दिल्ली युनिव्हर्सिटीतल्या प्रा. विनोद कुमार यांच्या टीमने गावकावळ्यांवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये छापून आला आणि माझं म्हणणं असं आहे की मुंबईत सुशोभीकरणाच्या फाइलवर सही करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी वाचायला हवा. गावकावळा म्हणजे तोच आपला, राखाडी मानेचा, खिडकीच्या ग्रीलवर बसून पोळीच्या तुकड्यासाठी ओरडणारा. या कावळ्यांना आधी दिवसा बारा तास उजेड आणि रात्री बारा तास मिट्ट अंधार असं ठेवलं, मग रात्रीत अगदी मंद उजेड सोडला, ६ लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे ज्यात पेपरची मोठी अक्षरं जेमतेम वाचता येतील एवढाच.

तेवढ्यानेच कावळ्यांची झोप कमी झाली, खाणं कमी झालं, पिसं साफ करत बसणं कमी झालं, ते चोचीने स्वतःलाच इजा करायला लागले आणि समोर नवीन वस्तू ठेवली की जवळ जाऊन तिची चौकशी करायची जी कावळ्याची मूळची खोड, तीच थंडावली. रात्रीचं मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची खूण शरीराला देणारं हार्मोन, घसरलं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून जो भाग असतो, जो आठवणी आणि मूड सांभाळतो, तिथे नवीन पेशी तयार होण्याच्या खुणाही कमी सापडल्या. संशोधकांनी या सगळ्या वागण्याला डिप्रेशनसारखी लक्षणं म्हटलंय. आणि मग पुन्हा पूर्ण काळोखाची रात्र दिल्यावर कावळ्यांचं वागणं परत ताळ्यावर आलं.

माझा सगळा लेख या शेवटच्या वाक्यावर उभा आहे. हवा, नाले, खाडी यात आपण जे काही मिसळलंय ते निस्तरायला कित्येक वर्षं आणि कोट्यवधी रुपये लागणार, पण रात्रीचा उजेड असा आहे की बटण बंद केलं की तो तिथल्या तिथे संपतो. म्हणून मला वाटतं मुंबईने रात्रीच्या उजेडासाठी सरळ नियम करावा: झाडांवर दिवे नकोत, सजावटीचा आणि जाहिरातीचा उजेड ठरलेल्या वेळी बंद, आणि रस्त्याचा दिवा फक्त रस्त्यावर पडेल असा. यात एकही गोष्ट अशी नाही की जी शहराला परवडणार नाही.

आमच्या पार्ल्यातल्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठा पर्जन्यवृक्ष आहे, संध्याकाळी तिथे कावळ्यांची शाळा भरते. काही वर्षांपूर्वी त्याच्या खोडापासून वरच्या फांद्यांपर्यंत हिरव्या-निळ्या लायटिंगच्या माळा गुंडाळल्या गेल्या, सणासाठी म्हणून लावलेल्या, पण सण संपला तरी कोणी काढल्या नाहीत आणि पुढचे कित्येक महिने त्या रोज संध्याकाळी आपोआप सुरू व्हायच्या. रात्री दीड-दोनला गॅलरीत उभं राहिलं तर कावळे जागेच दिसायचे, एका फांदीवरून उठून दुसरीवर जाऊन बसायचे, मध्येच एखादा ओरडायचा आणि मग चार जण ओरडायचे, आणि त्याच झाडाच्या शेजारच्या खांबावर दयाळ गात असायचा, पहाटे गातो तसा अगदी पूर्ण, दम घेऊन घेऊन. ऐकायला सुंदरच वाटतं, खोटं कशाला बोलू, आमच्याकडे आलेले पाहुणे म्हणायचे वा काय नशीब तुमचं, रात्रीसुद्धा पक्षी गातात. पण दयाळ हा दिवसाचा पक्षी आहे, आणि रात्री दोनला गाणाऱ्या दिवसाच्या पक्ष्याने ती ताकद कुठून तरी उसनी आणलेली असते.

हे फक्त आमच्या गल्लीचं निरीक्षण नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये ब्रेंट पीज आणि नील गिल्बर्ट या दोघांचा पेपर आला. लोकांनी आपापल्या अंगणात, बागेत लावलेल्या रेकॉर्डरवरून पक्ष्यांचे आवाज गोळा करून त्यांनी ५८३ जातींचा हिशोब मांडला, आणि जास्त उजेडाच्या ठिकाणी पक्ष्यांचा दिवस सरासरी ५० मिनिटांनी लांबलेला निघाला, सकाळी लवकर सुरू आणि संध्याकाळी उशिरा बंद. ज्यांचे डोळे मोठे आणि ज्यांची घरटी उघडी त्यांच्यावर परिणाम जास्त. कावळ्याचं घरटं कसं असतं ते मुंबईकराला सांगायला नको, काटक्या आणि तारांचा उघडा पसारा, वर छप्पर नाही आणि बाजूला आडोसा नाही.

यावर कोणी म्हणेल की ५० मिनिटं जास्त जागला तर पक्षी ५० मिनिटं जास्त खाईल, बरंच झालं की. शक्य आहे, काही जातींना काही दिवस फायदाही होत असेल. पण झोप ही काही नुसती रिकामी वेळ नाही, त्या वेळात शरीराची डागडुजी चालते आणि हार्मोनचं दिवसभराचं वेळापत्रक लागतं, झोप बिघडली की काय होतं ते कावळ्याच्या प्रयोगात दिसलंच.

पक्ष्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. आपल्याला उजेड कळतो तो डोळ्यांनी, पक्ष्यांना डोळ्यांशिवाय थेट मेंदूनेही कळतो. त्यांच्या मेंदूच्या आत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात आणि पिसं, कातडी, कवटी यांच्यातून झिरपून जेवढा उजेड आत पोचतो तेवढा त्यांना पुरतो, ऋतू कुठला चाललाय, अंडी घालायची वेळ झाली का, हे त्यावरून ठरतं. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बेनवा यांनी बदकांवर प्रयोग करून हे दाखवायला सुरुवात केली होती, म्हणजे हे ज्ञान आज-कालचं नाही. तेव्हा पक्षी डोळे मिटून, मान पंखात खुपसून बसला म्हणजे त्याच्यापुरती रात्र झाली असं नाही. आपण पडदा ओढतो, कूस बदलतो, त्याला तशी सोय नाही.

किती उजेड पुरतो याचाही अंदाज घ्या. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड ०.१ ते ०.३ लक्सच्या आसपास असतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत दाविदे दोमिनोनी आणि सहकाऱ्यांनी ब्लॅकबर्ड पक्ष्यांना रात्री फक्त ०.३ लक्स उजेडात ठेवलं तर त्यांची जननेंद्रियं जवळजवळ एक महिना आधी तयार झाली, २०१३ मध्ये हे छापून आलं, आणि तसंच पुढे चालू ठेवल्यावर दुसऱ्या वर्षी ती वाढलीच नाहीत. आता हे थंड देशातले पक्षी, तिथे दिवस-रात्रीतला फरक प्रचंड, मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेरा तासांचा, त्यामुळे तिथला निकाल जसाच्या तसा उचलून इथे लावावा असं मी म्हणणार नाही. म्हणूनच मला दिल्लीतला कावळ्यांचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो, तो आपल्याच हवेतल्या, आपल्याच पक्ष्यावर केलेला आहे. पण मूळ मुद्दा दोन्हीकडे तोच, की आपल्या डोळ्यांना जो उजेड 'काहीच नाही' वाटतो तो त्यांच्या शरीराला दिवस वाटू शकतो.

किड्यांचं पण सांगायलाच हवं. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे गोळा होतात, मग घरातले दिवे बंद करायचे, तेल लावलेला कागद टांगायचा, सकाळी लादीवरचे पंख झाडून काढायचे, हे आपण पिढ्यानपिढ्या करत आलोय. आपण धरून चाललो होतो की किडे उजेडाकडे ओढले जातात. २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' मध्ये सॅम्युअल फेबियन, यश सोंधी वगैरे मंडळींनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने किड्यांचं उडणं टिपून वेगळंच दाखवलं. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे करतो, कारण लाखो वर्षं रात्री आकाश हेच वर आणि आकाश हेच जमिनीपेक्षा उजळ, तेव्हा पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सरळ उडतोय. मध्ये बल्ब आला की हा हिशोब फसतो, किडा बल्बकडे पाठ करायला जातो आणि त्याच्याभोवती गोल गोल अडकतो, बल्बच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली पडतो. म्हणजे तो हौसेने येत नाही, त्याला वर-खाली कळेनासं होतं, आणि दमून पडेपर्यंत सुटका नाही. आता हेच एका ट्यूबलाइटच्या जागी अख्ख्या झाडाला गुंडाळलेल्या माळांचं करून बघा, ज्या झाडावर त्यांनी अंडी घालायची, ज्याच्या फुलांवर रात्रीच्या पाकोळ्यांनी जायचं, तेच झाड पेटलेलं.

आणि काजवे बघायला दर वर्षी मे-जूनमध्ये मुंबईहून भंडारदऱ्याला, राजमाचीला गाड्या भरभरून जातात, मुंबईत काजवा सहसा दिसत नाही म्हणून जातात, आणि तिथे पोचल्यावर हेडलाइट चालू ठेवून, मोबाइलचे टॉर्च पाडून ते शोधतात. नर काजवा लुकलुकतो, मादी उत्तर देते, सगळा संसार त्या उजेडाच्या खुणेवर. त्यावर टॉर्च मारला तर जमणार कसं? याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण जाणारी माणसं निसर्गावर प्रेम असणारीच असतात, त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं.

समुद्राकडे वळलं तर वर्सोव्याची आठवण निघतेच. २०१८ च्या मार्चमध्ये, किनारा लोकांनी राबून साफ केल्यानंतर, तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून बाहेर आली आणि सगळ्या शहराला आनंद झाला, व्हायलाच हवा होता. कासवाचं पिल्लू रात्री वाळूतून बाहेर आलं की जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे निघतं, कारण नैसर्गिक किनाऱ्यावर उजळ बाजू म्हणजे समुद्र. मुंबईत उजळ बाजू कुठली ते तुम्हीच सांगा. अंडी घालायला येणारी मादीसुद्धा झगमगता किनारा टाळते. आपण किनाऱ्यावरून टनावारी प्लास्टिक उचलतो, त्याबद्दल त्या लोकांना माझा खरोखर सलाम, पण वर हायमास्ट तसाच जळत राहिला तर ती मेहनत अर्धीच पदरात पडते.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात रास्त आक्षेप सुरक्षेचा. माझी मुलगी रात्री अकराच्या लोकलने येते, स्टेशनपासून घरापर्यंत रस्त्यावर उजेड असायलाच हवा, आणि कावळ्याच्या झोपेसाठी तो कमी करा असं कोणी म्हटलं तर मी स्वतः भांडेन. पण हा वाद तसा नाहीच मुळी. तिच्या पायाखालचा रस्ता उजळणारा दिवा वेगळा आणि झाडाच्या शेंड्याला गुंडाळलेली माळ वेगळी, बंद पडलेल्या शोरूमचा रात्री तीनला चमकणारा बोर्ड वेगळा. वरून टोपी नसलेला दिवा बराचसा उजेड आकाशात आणि लोकांच्या बेडरूममध्ये फेकतो, डोळ्यात तिरीप गेली की समोरच्या काळोख्या कोपऱ्यात कोण उभं आहे ते उलट दिसत नाही, हे रात्री चालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. खाली वळवलेला, टोपी असलेला, डोळ्यात न घुसणारा दिवा तिच्याही सोयीचा आणि झाडावरच्या पक्ष्याच्याही.

दुसरा आक्षेप, कावळे काय, ते सगळ्याला सरावतात, मुंबईत राहून कोण नाही सरावत. इथे जरा थांबून विचार करायला हवा. कावळा शहरात टिकलाय हे खरं, पण टिकणं म्हणजे बरं असणं नव्हे, प्रयोगातले कावळेसुद्धा जिवंतच होते. कोणी असंही म्हणेल की पिंजऱ्यातल्या कावळ्याला पळायला जागा नव्हती, बाहेरचा कावळा उठून काळोख्या झाडावर जाईल. बरोबर आहे, जाईल, पण ते काळोखं झाड शिल्लक राहायला हवं ना. एका बाजूने मोठी झाडं तोडली जातायत आणि उरलेल्यांना माळा, तर त्याने जायचं कुठे. पितृपक्षात आपण पान वाढून गच्चीवर तासतास त्याची वाट बघतो, दहाव्याला पिंडाला शिवला नाही तर सगळं घर कासावीस होतं, एवढं ज्याच्यावर आपलं मन अडकलेलं त्याच्या रात्रीचा विचार आपण वर्षभर करत नाही हे मला खटकतं.

तिसरं म्हणजे तांत्रिक लोक सांगतात, की पांढऱ्या एलईडीऐवजी पिवळट लावा, प्रश्न मिटला. निळा भाग जास्त असलेला पांढरा उजेड मेलॅटोनिनला जास्त दाबतो हे खरंय, त्यामुळे पिवळट दिवा बरा, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण ऑस्ट्रेलियात अ‍ॅन ऑल्सब्रुक आणि सहकाऱ्यांनी पक्ष्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजून २०२० मध्ये दाखवलं की तिथल्या मॅगपाय पक्ष्यांची झोप पिवळट उजेडात कमी बिघडली, पण कबुतरांची मात्र पांढऱ्यात आणि पिवळटात सारखीच बिघडली. म्हणजे रंग बदलून काहींचं भागेल, सगळ्यांचं नाही, आणि जिथे दिव्याची गरजच नाही तिथे तो बंद करणं याला पर्याय नाही.

आणि मुंबईला दिवे बदलता येत नाहीत असंही नाही. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला, राणीचा हार फिका पडला म्हणून लोक हळहळले, प्रकरण हायकोर्टात निघालं, आणि शेवटी पुन्हा पिवळसर उजेड आणला गेला. ते सगळं आपल्या डोळ्यांना छान दिसावं म्हणून झालं, पण झालं. पुढे २०२२-२३ मध्ये जी-२० च्या बैठका आणि सौंदर्यीकरणाच्या धामधुमीत शहरभर झाडांना माळा लागल्या, २०२४ मध्ये त्याविरुद्ध जनहित याचिका झाली, हायकोर्टाने नोटिसा काढल्या आणि पालिकेने झाडांवरची लायटिंग उतरवायला सांगितलं. आमच्या पर्जन्यवृक्षाच्या माळाही तेव्हाच उतरल्या. पण पालिकेच्या माळा उतरल्या तरी हॉटेलवाल्यांच्या, लॉनवाल्यांच्या, सोसायट्यांच्या तशाच आहेत, कारण प्रत्येकाला बांधणारा पक्का नियम नाही.

आवाजासाठी आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, पाळले जातात किती तो भाग वेगळा, पण निदान पोलिसांना फोन करून सांगायला हातात काहीतरी असतं. उजेडासाठी असा देशपातळीवरचा कायदाच नाही. फ्रान्सने २०१८ च्या डिसेंबरमध्ये आदेश काढून दुकानांच्या शोकेसचे दिवे रात्री एकपर्यंत किंवा दुकान बंद झाल्यावर तासाभरात विझवणं सक्तीचं केलं. इतक्या लांब तरी कशाला जायचं, आपल्याच महाराष्ट्रात पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी तिथल्या गावांतले दिवे बदलून खाली वळवले गेले. तारे दिसावेत म्हणून जे विदर्भातल्या खेड्यांत जमलं ते बोरिवलीच्या जंगलाला चिकटलेल्या मुलुंड, ठाणे, आरेच्या रस्त्यांवर जमायला काय हरकत आहे? ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासूनचं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, त्याच्या काठाचे दिवे पाण्याकडे न पडता रस्त्याकडे पडावेत एवढंच मागणं आहे.

गणपती-दिवाळीच्या रोषणाईबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, सण चार-दहा दिवसांचा असतो, आणि कंदील खिडकीत लागतो, झाडावर नाही. प्रश्न वर्षाचे बारा महिने जळणाऱ्या दिव्यांचा आहे. आमच्या सोसायटीत मी हा विषय मीटिंगमध्ये काढला तेव्हा सेक्रेटरी काका आधी नाही म्हणाले, मग वीजबिल बघून हो म्हणाले, आता गेटच्या कमानीची आणि बागेतली लायटिंग टायमरवर आहे, अकराला बंद होते, जिन्यात सेन्सरचे दिवे आहेत, माणूस आला की लागतात. कोणाची काही तक्रार नाही. तळमजल्याच्या आजी तर म्हणाल्या, बाई गं, आता मलाही झोप लागते, आणि ते पटण्यासारखंच आहे, मेलॅटोनिन त्यांच्याही शरीरात तेच आहे.

पण आमच्या मागच्या बाजूला बॉक्स क्रिकेटचा टर्फ आहे, त्याचे चार फ्लडलाइट पहाटेपर्यंत चालू असतात आणि त्यातले दोन सरळ शेजारच्या वडावर पडतात. त्या मालकाशीही बोलून झालं, माणूस चांगला आहे, ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि म्हणाला की रात्री बारा ते दोनचा स्लॉट सगळ्यात आधी बुक होतो, मी बंद केला तर पोरं पुढच्या टर्फवर जाणार, नुकसान एकट्या माझं. त्याचं म्हणणं चूक नाही. म्हणूनच हे एकेकाच्या भलेपणावर सोडून चालणार नाही, सगळ्या टर्फना एकच वेळ, सगळ्या फ्लडलाइटना टोपी आणि खाली वळवलेला कोन, आणि झाडाला दिवा लावला तर दंड, हे पालिकेनेच ठरवायला हवं, आणि ते ठरवून घ्यायचं असेल तर आपापल्या वॉर्ड ऑफिसला लेखी पत्र देऊन त्याची पोच घेणं तरी आपल्याला करावंच लागेल.